पायरीवरच्या झिणझिण्या

मागच्या जूनमध्ये आई-बाबा पाटणहून आले होते. लंडन दाखवून झालं, विंडसर झालं, बाबांनी सगळीकडे माना डोलावल्या आणि टेम्स बघून "कोयनेला पाणी जास्त" असा शेरा मारला. मग आम्ही सहा जणांची मोटरहोम पाच दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि उत्तर वेल्सला निघालो. आम्ही दोघं, आमचा नऊ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. गाडीतच गॅसची शेगडी, फ्रिज, संडास आणि पलंग बघून आई हरखली. बाबांनी मात्र आत पाऊल टाकल्याबरोबर विचारलं, "स्टॅबिलायझर कुठाय?"

बाबांनी एमएसईबीत ३४ वर्षं काढली, त्यातली पहिली बरीचशी खांबावर. आमच्या घरी फ्रिजपेक्षा त्याच्या शेजारच्या स्टॅबिलायझरला मान जास्त होता. माझ्या नवऱ्याने त्यांना समजावलं की इथे तशी पद्धत नाही. पुरवठा २३० व्होल्टचा, आणि तो २१६ ते २५३ यांच्यामध्ये ठेवणं वीज कंपनीवर बंधनकारक आहे. बाबा "बरं, बरं" म्हणाले. जावयाला उलट उत्तर द्यायचं नाही, हा त्यांचा जुना नियम.

एम-सिक्स सोडून ए-फाइव्हला लागलो. थॉमस टेलफर्डने बांधलेला हा जुना रस्ता बेटुस-अ-कोएडपर्यंत झाडीतून जातो आणि मग अचानक झाडी संपते. पुढे पेन-अ-पासवरून लानबेरिसची खिंड उतरताना दोन्ही बाजूंना नुसते काळे कडे, रस्त्याला टेकून दगडी कुंपण, आणि समोरून आलेल्या बसला वाट देताना आमच्या गाडीचा आरसा कुंपणापासून वीतभर. आईने डोळे मिटून घेतले. बाबा म्हणाले, "कुंभार्ली घाटाची धाकटी बहीण."

लानबेरिसजवळ एका शेतातली साइट घेतली होती. अशा साइटवर प्रत्येक जागेपाशी गुडघ्याएवढा विजेचा खांब असतो, त्यात निळं गोल सॉकेट. आपली २५ मीटरची नारिंगी केबल आधी गाडीला लावायची, मग खांबाला, आणि काढताना उलट. केबल गुंडाळलेली ठेवायची नाही, कारण वेटोळ्यात ती तापते आणि वितळूही शकते. हे सगळं नवऱ्याने भाड्याच्या कंपनीच्या माहितीपत्रकातून वाचून नीट केलं. गाडीतल्या पॅनेलवर दिवा लागला. त्याने आरसीडीचं टेस्टचं बटण दाबलं, ते खटकन पडलं, पुन्हा वर केलं. बाबांना सांगितलं, "हे तुमचं ईएलसीबी. ३० मिलिअँपिअर गळती झाली की बंद." बाबांनी मान डोलावली.

पहिला अंधार आमच्याच चुकीने झाला. आमची साइट जुनी होती आणि प्रत्येक जागेला १० अँपिअरच देत होती. म्हणजे २३०० वॅट, संपलं. मी घरची किटली आणली होती, ती एकटीच ३००० वॅटची. थंडी होती म्हणून १००० वॅटचा हीटर चालू. आईने चहाचं पाणी ठेवलं, आणि मिनिट-दीड मिनिटात सगळं गप्प. सतरा अँपिअर ओढले तर एमसीबी लगेच पडत नाही, आतली पट्टी तापून वाकेपर्यंत दम धरतो, हे बाबांनी नातवाला सांगितलं. चहा मग गॅसवर झाला. प्रवासाला लहान किटली मिळते, हजार वॅटच्या आतली. पाणी उकळायला वेळ लागतो, पण साइटच्या मालकाला रात्री उठवावं लागत नाही.

रात्री भुरभुर पाऊस होता. बाबा मुलाच्या मागे लागले होते, "स्लिपर घाल रे, अनवाणी उतरू नको." मला वाटलं, थंडीमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनॉर्विग बघायला गेलो. बघायला म्हणजे बाहेरूनच. एलिदिर वौर नावाच्या डोंगराच्या पोटात हे वीजकेंद्र आहे. वर मार्खलिन मौर तलाव, खाली लिन पेरिस. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की सोडायचं. क्षमता १७२८ मेगावॅट, यंत्रं सहा, आणि ती हवेत फिरती ठेवलेली असली तर काही सेकंदांत पूर्ण वीज द्यायला तयार. १९८४ मध्ये सुरू झालं. डोंगराची शोभा जाऊ नये म्हणून इथून पेंटिरपर्यंतची सुमारे १० किलोमीटरची वाहिनी जमिनीखालून नेली आहे. त्यामुळे समोर दिसतात त्या फक्त १९६९ मध्ये बंद पडलेल्या पाटीदगडाच्या खाणीच्या पायऱ्या आणि त्यांचा जांभळट ढिगारा.

बाबा बराच वेळ कठड्याला टेकून उभे होते. "पोफळीपण असंच, बाहेरून काही कळत नाही," म्हणाले. मग नातवाला घाटघरचं सांगितलं. भंडारदऱ्याजवळ सह्याद्रीत हेच तंत्र, २५० मेगावॅटचं. नवऱ्याने त्यांना ४ जुलै १९९०ची गोष्ट सांगितली. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं, आणि सगळा देश एकदम उठून किटली लावायला गेला. मागणी एका झटक्यात २८०० मेगावॅटने वाढली. अशाच वेळी दिनॉर्विग लागतं. आई म्हणाली, "म्हणजे कालच्यासारखंच की."

परतताना बाबा माझ्याबरोबर मागे राहिले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या गाडीला करंट आहे."

काल रात्रीच त्यांना कळलं होतं. संडासला जाऊन परत येताना एक स्लिपर पायातून निसटली, ओल्या गवतावर पाय पडला आणि हात दाराच्या धातूच्या चौकटीवर होता. हाताला झिणझिण्या आल्या. मग त्यांनी टेस्टर लावून बघितला. हो, टेस्टर आणला होता. ३४ वर्षं शर्टाच्या खिशात होता, तो विमानाच्या मोठ्या बॅगेतून आला होता. पायरीच्या लोखंडावर तो मंद पेटला.

"रात्रीच का नाही सांगितलंत?"

"जावईबापूंनी सगळं पुस्तकात बघून केलं होतं. बटण दाबून दाखवलं. मी कसं म्हणू चूक आहे म्हणून? पोराला स्लिपर घालायला लावली ना."

मला राग आला आणि रडूही. मी नवऱ्याला सांगितलं. तो आधी म्हणाला, "टेस्टर काहीही दाखवतो." त्यात तथ्य आहे. निऑनचा टेस्टर जवळच्या तारेच्या नुसत्या सान्निध्यानेही उजळतो आणि इथले वायरमन त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत. "आणि आरसीडी तर चालतोय." तेवढ्यात त्याने स्वतः अनवाणी पाय गवतावर ठेवून पायरीला हात लावला, आणि लगेच हात मागे घेतला. त्यानंतर कोणी वाद घातला नाही. आधी खांबाचा खटका बंद केला, मग केबल काढली.

बाबांना त्यांच्या पद्धतीने बघायचं होतं. फेज आणि अर्थ यांच्यात ४० वॅटचा बल्ब लावायचा, पेटला तर अर्थ ठीक. साइटचा मालक हे ऐकून जोरजोराने मान हलवायला लागला. बरोबरच होतं. तेवढ्या बल्बातून अर्थमध्ये १७० मिलिअँपिअर जातात, त्यामुळे आरसीडी तत्क्षणी पडला असता, आणि उघड्या तारांचा बल्ब इथे कोणी धरूही देत नाही. त्याने मीटर आणून दिला. केबल दोन्ही टोकांनी सुटी, गवतावर पसरलेली. बाबांनी एका टोकाच्या पिनेला एक टोचणी लावली, दुसऱ्या टोकाला नवऱ्याने दुसरी. पहिली पिन, पीऽऽ. दुसरी, पीऽऽ. तिसरी, ती सगळ्यात जाड असते तीच अर्थची, काही नाही. प्लगचं झाकण उघडलं तर हिरवी-पिवळी तार स्क्रूतून निसटून एका बाजूला पडली होती, आणि केबल आवळून धरणारी पट्टी सैल. कोणीतरी प्लग न धरता केबलच ओढून काढत असणार, कित्येक सहली.

मग आरसीडी बोलला का नाही? याचं उत्तर मला त्या दिवशी नीट कळलं. टेस्टचं बटण गळती आतल्या आतच तयार करतं, फेजकडून न्यूट्रलकडे. अर्थची तार नसली तरी ते खटकन पडतंच. आपल्याला वाटतं सगळं तपासलं, आणि तपासलेला असतो फक्त तो खटका. झिणझिण्या कशाच्या, तर बॅटरीच्या चार्जरच्या आणि लॅपटॉपच्या अडॅप्टरच्या. त्यांच्या आत फेज-न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटली की गाडीचा लोखंडी सांगाडा त्यांच्यामुळे निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. गाडी रबरी टायरवर उभी, त्यामुळे जमिनीत जायला वाटच नाही. जो माणूस ओल्या गवतावरून हात लावेल तो वाट होतो. करंट अगदी थोडा, ३० मिलिअँपिअरच्या फार खाली, म्हणून खटका गप्प. एवढ्याने कोणी मरत नाही. पण त्या दिवशी किटलीच्या आतली फेज सुटून तिच्या अंगाला लागली असती, तर सगळी गाडी २३० व्होल्टवर गेली असती, आणि अर्थ नसल्यामुळे लगेच काहीच पडलं नसतं. आरसीडी पडला असता, पण कोणीतरी हात लावल्यावर. पहिला हात बहुधा नऊ वर्षांच्या मुलाचा असता, कारण दिवसातून पन्नासदा तोच चढतो-उतरतो.

मालकाने आपली केबल दिली. बाबांनी ती लावायच्या आधी मीटरने तपासली, त्याच्या देखतच. मला संकोच वाटला, त्याला वाटला नाही. उलट त्याने बाबांना खांबामागे नेऊन जमिनीत ठोकलेली अर्थची सळई दाखवली. इथल्या पुष्कळ घरांना रस्त्यावरून अर्थ आणि न्यूट्रल मिळून एकच तार येते. ती कुठे तुटली तर अर्थलाच करंट येतो. घरात सगळी लोखंडी कामं एकमेकांना जोडलेली असतात, तिथे चालून जातं. गवतावर उभ्या माणसाला मात्र ते जीवघेणं. म्हणून २००२ च्या नियमांनी कॅराव्हॅनला आणि बोटीला तशी अर्थ द्यायला बंदी आहे. साइटला स्वतःची सळई लागते. बाबांना सळई बघून आपला अंगणातला खड्डा आठवला, मीठ-कोळसा घातलेला, ज्यात आई दर उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायची. ते त्यांनी मला मालकाला इंग्रजीत सांगायला लावलं.

आता आमच्याकडे तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर आहे. दहा-पंधरा पाऊंडांत मिळतो. खांबाला जोडलं की गाडीतल्या सॉकेटमध्ये लावायचा, कशालाही हात लावायच्या आधी. अर्थ नसेल तर सांगतो. फेज-न्यूट्रल उलटे असतील तरी सांगतो. फ्रान्सकडे जाणाऱ्यांना हे उलटेपण बऱ्याचदा भेटतं. मग स्विच बंद केला तरी यंत्रात फेज राहू शकते. अर्थ कितपत चांगली आहे हे मात्र त्याला कळत नाही.

भाड्याच्या कंपनीला फोन केला. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि केबल परत आणा, आम्ही बघतो, म्हणाले. बाबांनी "बघतो" या शब्दाचा अर्थ मला विचारला. मग गाडीतली कात्री घेऊन त्यांनी प्लग केबलपासून कापून टाकला. "स्क्रू मी दोन मिनिटांत आवळला असता. पण वरचं रबर चिरलंय. ही उद्या दुसऱ्या पोराबाळांच्या गाडीत जाईल."

डिपॉझिटमधून केबलचे पैसे कापले गेले. नवऱ्याने काउंटरवर मुकाट्याने सही केली, बाहेर आला आणि बाबांना म्हणाला, "चला, चहा घेऊ."