दोन पानांच्या बायका

माझ्या कपाटात एक खाकी फाइल आहे. तिच्यात एकोणीस बायका आहेत. प्रत्येकीची दोन पानं, झेरॉक्सची, कोपऱ्यात स्टेपल मारलेली. काहींची शाई आता पुसट झाली आहे. एकीला नावच नाही, नुसतं 'सून' लिहिलंय. एक कोर्टात उभी आहे. एक दवाखान्याच्या बाकावर बसून कुणाची तरी वाट बघते, पण कुणाची ते माझ्या दोन पानांत कळत नाही. या सगळ्या मी होते, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं. नंतर त्या दुसऱ्या कुणाच्या झाल्या, किंवा नाटकच उभं राहिलं नाही म्हणून कुणाच्याच झाल्या नाहीत.

मी ज्या ज्या ऑडिशनला गेले तिथे पूर्ण संहिता कधी हातात मिळाली नाही. एक प्रवेश मिळतो, तोही मधलाच. आधी काय घडलंय ते दिग्दर्शक चार वाक्यांत सांगतात. पुढे काय घडणार ते कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही, कारण बाहेर आणखी सातजणी बसलेल्या असतात. मग हॉलच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत उभं राहायचं. शेजारची मुलगीही तीच वाक्यं पुटपुटत असते. तिच्या तोंडून ती ऐकू आली की आपल्या तोंडातली विस्कटतात, म्हणून मी पंख्याच्या आवाजाखाली जाऊन उभी राहायची.

मी सांगलीची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते आमच्या गावात, आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आमच्याकडे घरच्या कार्यासारखा असतो. भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची फेरी असली की आम्ही पतसंस्थेतलं काम आटोपून थेट तिकडे. तिथेच मी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. पण स्पर्धेच्या नाटकात ऑडिशन नसते. तिथे ग्रुप असतो, आणि ग्रुपमध्ये कोण काय करणार हे बहुतेक आधीच ठरलेलं असतं. परीक्षा म्हणून कुणासमोर उभं राहायची वेळ आली ती मुंबईत. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी दादर, परळला आत्याच्या खोलीवर अंघोळ, आणि अकराच्या ठोक्याला एखाद्या शाळेचा हॉल. रात्री पुन्हा तीच गाडी. सोमवारी दहा वाजता पतसंस्थेच्या काउंटरवर मी हजर असायची. चार वर्षं असं चाललं.

त्या हॉलमध्ये रंगमंच नसतो. दोन खुर्च्या म्हणजे दार, एक बाकडं म्हणजे सोफा, फरशीवर खडूने ओढलेली रेघ म्हणजे विंग. फळ्यावर कुठल्यातरी वर्गाचा सुविचार तसाच राहिलेला असतो. आणि तरीही, "कर सुरू," असं कुणी म्हटलं की त्या दोन खुर्च्यांमधून जाताना मी अंग चोरून घेतलेलं मला आठवतं. दार अरुंद होतं, असं मला खरंच वाटलं होतं.

पहिल्याच ऑडिशनला दिग्दर्शक माझ्यापासून उठून पार मागे, पाण्याच्या पिंपाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मला इथे ऐकू येऊ दे. ओरडू मात्र नकोस." मी म्हटलं वाक्य. ते म्हणाले, "शेवट खाल्लास." पुन्हा म्हटलं. "परत खाल्लास." मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही विंगेत उभी असताना मनात म्हणते. मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो. आपलं क्रियापद शेवटी, आपला नकारही शेवटी. 'मी तुला विसरले नाही' यातलं 'नाही' बाल्कनीपर्यंत पोचलं नाही, तर बाल्कनीतल्या माणसाने 'मी तुला विसरले' एवढंच ऐकलं. तो घरी जाताना वेगळंच नाटक घेऊन जाईल. श्वास पहिल्या शब्दांवर उधळायचा नाही, शेवटच्या शब्दासाठी राखायचा. मालिकेच्या ऑडिशनमध्ये नाव, वय, उंची सांगायची, मग डावीकडे वळा, उजवीकडे वळा. त्यांचं काम चेहऱ्याशी असतं, त्यात चूक काही नाही. पण 'नाही' किती लांब जातं हे मला फक्त नाटकाने विचारलं.

माझी आजी मिरजेची. तिच्याकडून ऐकलेली एक हकीकत मी परीक्षेला जाताना बरोबर नेत असे. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत आला, तोच पुढचा बालगंधर्व. त्याला कानाचं दुखणं होतं. ज्याने गाऊन सगळ्या महाराष्ट्राचे कान तृप्त करायचे, त्यालाच नीट ऐकू येत नव्हतं. शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन इस्पितळात त्याच्यावर उपचार करवले, आणि मग तो शकुंतला म्हणून उभा राहिला. गोविंद बल्लाळ देवलांसारख्या जाणत्या माणसाने त्याच्याकडून तालीम करून घेतली. दहा मिनिटांत 'कळवतो' म्हणून वाटेला लावायचा तो काळ नव्हता. मुलगा कंपनीत यायचा, कंपनीच्या पंगतीला जेवायचा, कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरायचा आणि लहानसहान कामं करत मोठा व्हायचा. मला त्या काळाचा हेवा वाटतो, पण तो अर्धाच. कारण त्या पंगतीत मला पान मिळालं नसतं. स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या होत्या, हिराबाई बडोदेकरांसारख्या धाडसी बायका होत्या, पण बहुतेक ठिकाणी बाईचं काम पुरुषच करत. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'त बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या, तेव्हापासून माझ्यासारखीला हॉलच्या दारापर्यंत येण्याची वाट खरी मोकळी झाली. हे मला फार जवळचं वाटतं. शंभर वर्षंही झालेली नाहीत.

आता एका चहा करणाऱ्या बाईबद्दल.

ती फाइलमधली सातवी. पान ३१ आणि ३२. बऱ्याच वर्षांनी भाऊ घरी आलाय, घर विकायचं म्हणतोय, आणि ही दोन पानांत तीन वेळा म्हणते, "चहा टाकते." पहिल्यांदा तो दारात असताना. दुसऱ्यांदा तो कागद काढतो तेव्हा. तिसऱ्यांदा तो घराची किंमत सांगतो तेव्हा. बस, एवढंच. बाकी बोलणं सगळं भावाचं.

महालक्ष्मीच्या वरच्या बर्थवर पडून मी रात्रभर ते दोन शब्द म्हणत होते. पहिला चहा स्वागताचा. दुसरा विषय टाळायचा. तिसरा? मी ठरवलं, तिसऱ्याला आवाज खाली न्यायचा, उठून पाठ वळवायची आणि 'टाकते' पाठमोरी म्हणायचं. कर्जत मागे पडेपर्यंत माझं सगळं बसलं होतं.

हॉलमध्ये समोरची वाक्यं वाचायला एक सहायक मुलगा होता. बिचारा सकाळपासून तीच पानं वाचत होता. मान खाली, पानातच, एकही पॉज न घेता. माझे दोन चहा कुठे गेले मला कळलं नाही. कोपऱ्यात एक ज्येष्ठ नट बसले होते, त्यांच्या दुसऱ्या कुठल्या तालमीला वेळ होता म्हणून. ते उठून आले. "मी वाचू का रे?" त्यांनी पान हातात घेतलं, एकदा नजर फिरवली, घडी करून मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

कुणी आपल्याकडे बघून बोलणं म्हणजे काय असतं, हे त्या दिवशी कळलं. त्यांनी किंमत सांगितली. माझी ठरवलेली पाठ वळेना. उभी होते ती बाकड्यावर बसले आणि बसूनच म्हणाले, "चहा टाकते." हॉलमध्ये थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दिग्दर्शक म्हणाले, "छान. कळवतो." तारखांबद्दलही विचारलं, महिन्याला पंधरा प्रयोग झाले तर जमेल का, नोकरीचं काय. मी जमेल म्हणाले. खरं तर कसं जमणार होतं कुणास ठाऊक, पण नाटकात तारखा नसलेल्या नटाला काही अर्थ नसतो.

फोन आला नाही.

पाच महिन्यांनी पेपरात जाहिरात दिसली. रविवार दुपारी चार, शिवाजी मंदिर. तिच्या भूमिकेत एक नावाजलेली अभिनेत्री होती. त्या चार वर्षांत मी ऑडिशनशिवाय मुंबईला गेले ती फक्त त्या एका खेपेला. प्लाझासमोरच्या त्या दारातून आजवर नाटक बघायला कितीदा तरी आत गेले होते, पण त्या दिवशी पायऱ्या चढताना छातीत धडधडत होतं. बाल्कनीचं तिकीट काढलं. तिसरी घंटा झाली, पडदा गेला, आणि मी पान ३१ ची वाट बघत बसले.

आणि मग पहिल्या अंकात मला दिसलं की त्या घरात दूध नाही. साखरेचा डबा ती दोनदा उघडते आणि रिकामा बघून झाकण लावते. गॅस संपून आठवडा झालाय. शेजारीण सकाळी कपभर दूध देऊ लागते तर ही नको म्हणते, आत्ताच झाला चहा, असं सांगते. म्हणजे "चहा टाकते" हे वाक्यच खोटं होतं. ती तीन वेळा भावाला जे देऊ करत होती ते तिच्याजवळ नव्हतंच. मी रात्रभर गाडीत ज्याचं स्वागत आणि टाळाटाळ करत होते, ते त्या बाईचं राहिलेलं एकुलतं एक अभिमानाचं वस्त्र होतं. माझ्या दोन पानांत हे कुठेच नव्हतं.

तिसऱ्या वेळी त्या अभिनेत्री हसल्या. मोठ्याने नाही, लग्नाघरी पाहुण्याला आग्रह करताना बाई हसते तशा. "चहा टाकते." थिएटर गप्प झालं, आणि मग टाळी आली ती मागच्या रांगेतून पुढे आली. मीही वाजवली. हात लाल होईस्तोवर वाजवली. मला रडू येत होतं, पण ते भूमिका हुकल्याचं नव्हतं. रात्री गाडीत पुन्हा वरचा बर्थ. मला झोप लागली नाही, कारण आता मला ठाऊक झालं होतं, आणि एकदा, फक्त एकदा, ठाऊक असताना मला ते म्हणायचं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. परीक्षेला येणाऱ्याला पूर्ण संहिता वाचायला द्यावी, एका रात्रीपुरती का होईना. वेळ नसतो, संहिता बाहेर जाण्याची भीती असते, निर्मात्याच्या अडचणी असतात, हे सगळं मला मान्य आहे. पण दोन पानांवर नटाची हुशारी दिसते, आवाज दिसतो, तयारी दिसते. तो त्या माणसाशी कसा वागेल हे दिसत नाही.

पहिलं व्यावसायिक काम मला मिळालं ते रिप्लेसमेंटचं, दुसऱ्याच एका नाटकात. काम करणारी ताई बाळंतपणासाठी थांबणार होती. हातात आठ दिवस. तीच माझ्याबरोबर उभी राहून हालचाली सांगायची, "इथे तीनच पावलं घे, चौथं टाकलंस तर खुर्ची लागते." कपडेपटातल्या मावशींनी तिचा ब्लाउज उसवून माझ्या मापाचा केला. जुन्या शिवणीच्या सुईची भोकं तशीच राहिली, काखेखाली, एका ओळीत. ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये पहिल्या प्रयोगाला विंगेत उभी असताना माझं बोट सारखं त्या भोकांवरून फिरत होतं. नोकरी मी त्यानंतर सोडली.

मागच्या पावसाळ्यात आमच्या दिग्दर्शकांनी नवीन नाटक काढलं. माझं काम ठरलेलं होतं. धाकट्या बहिणीच्या भूमिकेसाठी मुली येणार होत्या, आणि मला म्हणाले, "समोरची वाक्यं तू वाच." मी घरी संहिता चारदा वाचून गेले, माझी वाक्यं पाठ करूनच. पान हातात ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहाजणी झाल्या. सातवी देवगिरी एक्सप्रेसने आलेली, नांदेडची. छत्री ओली, पायात प्लास्टिकच्या चपला, आणि दोन पानं पॉलिथिनच्या पिशवीत घालून आणलेली. तिचं पहिलं वाक्य मधेच तुटलं. तिने पुन्हा घेतलं, पुन्हा तुटलं. शेवट खात होती. दिग्दर्शक फोनवर बोलायला बाहेर गेले तशी ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? पुढं काय होतं हिचं?"

मी तिला बाकड्यावर बसवलं. बाहेर पाऊस जोरात लागला होता, म्हणून थोडं मोठ्याने बोलावं लागत होतं. पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशापासून मी सांगायला सुरुवात केली, घर कुठल्या गावात आहे, खिडकीतून काय दिसतं, वडील कसे गेले. ती ऐकताना पानांकडे बघत नव्हती.