भिंतीवरची रेघ

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात रंगाऱ्याचा विषय निघतो आणि त्यापाठोपाठ माझ्या हट्टीपणाचा. यंदाही रंगाऱ्याने तळमजल्यावरच्या जिन्याजवळच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, हा डाग खरवडून काढू ना?" मी म्हटले, "बाकी सारी भिंत रंगव. तेवढी रेघ राहू दे." सूनबाईने कपाळाला हात लावला. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. छातीएवढ्या उंचीवरची ती मातकट रेघ काही शोभेची वस्तू नव्हे. पण तिची हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आणि दिवाळी अंकाच्या वाचकांइतका सोशिक श्रोता म्हाताऱ्याला दुसरा कुठे मिळणार?

१२ जुलै १९६१, बुधवार. मी नऊ वर्षांचा होतो. नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. पानशेतचे मातीचे धरण पुरते बांधून व्हायचे होते, तोच पावसाने ते भरून आले. आदल्या रात्री जवानांनी वाळूच्या पोत्यांची शर्थ केली, म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटले आणि आम्हांला पळायला तरी सापडले. अण्णांनी मला खांद्यावर घेतले, आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधला आणि आम्ही पर्वतीच्या दिशेने धावत सुटलो. त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही फुटले. घरादारांत पाणी शिरलेले, आणि नळाला मात्र थेंब नाही, अशी पुण्याची अवस्था झाली. वाड्यांतल्या जुन्या विहिरींवर पुन्हा पोहरे वाजू लागले.

पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो. माझी शाळेची पुस्तके फुगून पावासारखी झाली होती. उभ्या राहिलेल्या भिंतीवर, अण्णांच्या डोक्याच्याही वर, पाण्याची रेघ उमटली होती. दिवाळीपूर्वी मालकांनी चुना लावायला माणूस बोलावला तेव्हा आई म्हणाली, "ही रेघ राहू द्या." मालक म्हणाले, "वहिनी, अशुभ कशाला डोळ्यांसमोर?" रेघ चुन्याखाली गेली. पुढे आमच्या शेजारी नवे बिऱ्हाड आले. पाणी कुठवर चढले होते हे त्यांना सांगायला भिंतीवर काही उरले नव्हते.

पूरग्रस्तांसाठी ज्या नव्या वसाहती झाल्या त्यांत सहकारनगर एक. यथावकाश आम्हीही त्या बाजूला आलो. जागा पाहताना अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "नदी किती लांब?" ओढ्याविषयी कोणी विचारलेच नाही. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा नानासाहेब पेशव्यांच्या काळी वळवलेला, एवढा त्याचा इतिहास आम्हांला पाठ होता; भूगोल मात्र आम्ही पाहिला नाही. उन्हाळ्यात त्याच्या कोरड्या पात्रात आम्ही क्रिकेट खेळायचो. जिथे चेंडू टप्पा घेतो तिथे पाणी येईल कसे?

पुढे बैठ्या घरांच्या जागी इमारत झाली आणि मी सोसायटीचा चिटणीस झालो. माणसांपेक्षा मोटारी वाढल्या. तेव्हा आम्ही ठरवले की मागची भिंत सहा-सात फूट ओढ्यात सरकवावी आणि तिला टेकून वॉचमनसाठी खोली बांधावी. रीतसर अर्ज केला. एक तरुण अभियंता नकाशाची गुंडाळी घेऊन आला आणि पाहताक्षणीच 'नाही' म्हणाला. मी सुशिक्षित मनुष्य; वाद घातला. "अहो, इतक्या वर्षांत इथे घोटाभर पाणी नाही!"

तो बिचारा जिन्यात बसून मला समजावू लागला. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. ओढ्याकाठची मोकळी जागाही याच हिशेबाने सोडायची. "पण काका, '१०० वर्षांतून एकदा' म्हणजे एकदा येऊन गेला की ९९ वर्षे सुटका, असे नव्हे. दर वर्षी शंभरात एक, अशी ती शक्यता. ३० वर्षांच्या घरकर्जाच्या मुदतीत तो पूर गाठण्याचा संभव साधारण चारात एक. पाण्याला पसरायला जागा ठेवली नाही, तर ते तुमच्या घरात पसरेल."

मी त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर पुढच्याच महिन्यात भिंत बांधून घेतली. परवानगीवाचून. गवंड्याच्या चेकवर सही माझी होती.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढा आला. तो भिंतीपाशी थांबला नाही; भिंतीसकट आला. पुण्यात त्या रात्री अनेक माणसे गेली. आमच्या इमारतीतली वाचली, त्यात माझी कर्तबगारी काडीची नाही. वॉचमनच्या खोलीत छातीभर पाणी चढले तेव्हा त्याच्या बायकोने मुलीला जिन्याच्या कठड्यावर ढकलले आणि वरच्या बिऱ्हाडातल्यांनी तिला ओढून घेतले. सकाळी ती पोरगी त्याच कठड्यावर आपली पुस्तके वाळत घालत होती. पावासारखी फुगलेली. मला तिच्याकडे पाहवेना. १९६१ चे धरण मी बांधले नव्हते. ही भिंत मी बांधली होती.

वाचकहो, नगरपालिकांनी आराखडे करावेत, पावसाळ्यापूर्वी ओढे-नाले साफ करावेत, धरणातून पाणी सोडताना वेळीच इशारा द्यावा, हे सारे आपण तावातावाने बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण आराखडा आपल्या कुंपणापाशी आला की आपण वकील होतो. नकाशावर रेषा आखायला सरकार लागते. ती पुसायला मात्र माझ्यासारखा एक सभ्य चिटणीस पुरतो.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी उठून माझी चूक सांगितली आणि ठराव मांडला, की भिंत पुन्हा मूळ जागी घ्यावी. पाच मोटारींची जागा जाणार होती. दोन तास भांडण झाले. त्या पाचांतली एक मोटार माझ्याच मुलाची. अखेर त्याचा हात वर गेला आणि ठराव दोन मतांनी पास झाला. सोसायटीचे कार्यालय पहिल्या मजल्यावर होते, ते वॉचमनला राहायला दिले. आमच्या सभा आता जिन्यात भरतात. बसायला अडचण होते, म्हणून लवकर संपतात.

रंगारी आपले काम आटोपून गेला. भिंत पांढरीशुभ्र झाली आहे आणि मधून ती रेघ गेली आहे. वॉचमनची मुलगी आता कॉलेजात जाते. काल ती जिन्यात पणत्या मांडत होती. एक पणती तिने रेघेच्या बरोबर खाली, जमिनीवर ठेवली. मग थोडा विचार करून ती उचलली आणि चार पायऱ्या वर नेऊन ठेवली. मी काही बोललो नाही.