कृष्णेखालची विजयपुरी

वाईच्या घाटावर जिच्यात पाय सोडून बसावं, ती कृष्णामाई इथे ओळखूच येत नाही. नागार्जुनसागरच्या धरणामागे ती चहूकडे पसरली आहे. लाँच सुटली की बराच वेळ नुसतं पाणी, कडेला नल्लमलाचे डोंगर, आणि मग समोर नागार्जुनकोंडा. आज ते बेट आहे. 1955 मध्ये नेहरूंनी धरणाची पायाभरणी केली तेव्हा तो साधा डोंगर होता, आणि त्याच्या पायथ्याच्या खोऱ्यात इक्ष्वाकू राजांची विजयपुरी होती. सातवाहनांची सत्ता ओसरल्यावर, तिसऱ्या शतकात भरभराटीला आलेली राजधानी. आता तिच्यावर आपल्या सह्याद्रीतून आलेलं पाणी उभं आहे.

धरण होणार हे ठरल्यावर, 1954 ते 1960 या काळात आर. सुब्रह्मण्यम यांच्या देखरेखीखाली सगळं खोरं खणून काढलं गेलं. काही वास्तू उचलून डोंगरमाथ्यावर नव्याने रचल्या, काहींच्या प्रतिकृती केल्या. हे काम किती मायेने झालं असेल, ते महाचैत्याच्या चौथऱ्याशी उभं राहिल्यावर कळतं. या स्तूपाचा पाया म्हणजे विटांचं एक चाक. मधोमध तुंबा, तिथून निघालेले आरे, बाहेर गोल धाव. मधल्या खणांत माती भरायची, की घुमटाचा भार पेलायची सोय झाली. धर्मचक्र जमिनीतच गाडून त्यावर स्तूप उभा करायचा, ही कल्पना ज्या गवंड्याला सुचली त्याला हात जोडावेसे वाटतात. याच स्तूपात, त्याआधीच्या उत्खननात, पुरातत्त्वज्ञ लाँगहर्स्ट यांना सोन्याच्या डबीत अस्थीचा बारीकसा तुकडा सापडला होता. तो पुढे सारनाथला गेला.

महाचैत्यासाठी मोठं दान दिलं ते चांतिसिरीने, इक्ष्वाकू राजाच्या बहिणीने. पण मला जास्त जवळची वाटते ती बोधिसिरी. ती राणी नव्हती, एक उपासिका होती. चैत्यगृहाच्या फरशीवर कोरलेला तिचा प्राकृत लेख वाचताना घरातली मोठी बाई बोलतेय असं वाटतं. सिंहलविहारात बोधिवृक्षासाठी मंदिर, दुसरीकडे तळं, आणखी कुठे भिक्षूंना खोल्या, सगळा हिशेब नीट मांडलेला. पुण्य वाटतानाही नात्यागोत्यातलं कुणी राहू नये म्हणून केवढी काळजी! आणि भिक्षू कुठकुठल्या देशांत धर्म घेऊन गेले, तेही ती सांगते: काश्मीर, गांधार, चीन, वंग, ताम्रपर्णी आणि अपरांत. अपरांत म्हणजे आपलं कोकण. कृष्णेच्या काठी बसलेल्या या बाईच्या जगात कोकण होतं, हे मला फार मोठं वाटतं.

बेटावरच्या संग्रहालयात पालनाडच्या फिकट हिरवट चुनखडीवर कोरलेले पट आहेत. दगड इतका मऊसूत, की घोड्याच्या आयाळीचे केसही मोजावेत. बहुतेक प्रवासी फोटो काढून लाँचकडे वळतात. त्यांना आग्रहाने थांबवावंसं वाटत होतं. झाडांच्या सावलीत डबा खायला भरपूर जागा आहे, तेव्हा घाई करू नये. महाचैत्याला एक फेरी पुरत नाही. जमलं तर पहिल्याच लाँचने यावं आणि परतताना शेवटचीच धरावी.