सावित्रीच्या खाडीतील पहिली फेरी

महाबळेश्वरच्या क्षेत्रस्थानी ज्या पाच नद्यांचा उगम मानतात, त्यांपैकी कृष्णा, वेण्णा व कोयना देशाकडे वळतात. सावित्री व गायत्री मात्र सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात येतात. सावित्री महाडावरून वाहत बाणकोटापाशी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी उत्तरेस हरिहरेश्वराचा डोंगर आणि दक्षिणेस बाणकोटचा किल्ला असे जणू दोन द्वारपाल उभे आहेत. रायगड व रत्नागिरी या दोन जिल्ह्यांची सीमा हीच खाडी.

या खाडीच्या दक्षिण तीरावर वेसवी येथे आमच्या एका आप्तांनी जुनी, लहानशी यंत्राची होडी विकत घेतली आणि तिच्या पहिल्या फेरीस आम्हां मंडळींस अगत्याने बोलाविले. होडी पुष्कळ दिवस किनाऱ्यावर पडून होती. लाकडी होडी सुकली की तिच्या फळ्या आकसतात व सांधे उघडे पडतात. म्हणून फटींत कापूस व राळ भरून, तेलपाणी करून तिला दोन दिवस पाण्यातच बांधून ठेवली होती. पहिल्या दिवशी तिच्यात गुडघाभर पाणी भरले. दुसऱ्या दिवशी फळ्या फुगल्या, सांधे मिटले, आणि पाणी झिरपणे जवळजवळ थांबले.

होडी हाकण्यास एक वृद्ध तांडेल होते. गावात लहानथोर त्यांस चाचा म्हणतात. तिथी चतुर्थीची होती. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते, हा कोकणातील जुना हिशेब. चतुर्थीस ती वेळ दुपारी 3 च्या सुमारास येते. म्हणजे सकाळी 9 पासून पाणी आत चढत राहणार. चाचांनी 11 ची वेळ नेमली आणि तोंड मात्र समुद्राकडे धरण्याचे ठरविले. पाणी आत येत असता आपण बाहेर का जावे, प्रवाहाबरोबर महाडच्या बाजूस गेलो तर श्रम वाचतील, अशी शंका आमच्यापैकी एकाने काढली. त्यावर ते म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, यंत्र जुने आहे. ते बंद पडले तर पाण्याने आपल्याला घरी आणले पाहिजे, घरापासून दूर नेता कामा नये.’’

प्रत्येकाच्या अंगावर तरंगण्याचे जाकीट चढल्यावाचून त्यांनी दोर सोडला नाही. आमच्या मातोश्रींस हा वेष चमत्कारिक वाटला, तरी त्यांनी तो धारण केला. कोकणच्या माणसास याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे गेली; त्या आठवणीने किनाऱ्यावरील कित्येक घरे अद्याप हळहळतात.

यंत्र सुरू झाले. त्यास थंड ठेवणारे पाणी नळीतून बाहेर पडत आहे ना, एवढे पाहून चाचा सुकाणूवर बसले. समोरच्या तीरावर बागमांडले मागे पडले. डाव्या हातास नारळी-पोफळीच्या बागा सरकू लागल्या. पुढे टेकडीवर बाणकोटचा किल्ला दिसला. आंग्र्यांच्या काळी यास हिम्मतगड म्हणत. 1755 साली तो तुळाजी आंग्र्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला व त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेविले. किल्ल्यापलीकडे समुद्राच्या अंगास वेळास. नाना फडणविसांचे हे मूळ गाव.

किल्ल्याखाली आलो आणि यंत्राने दोन आचके देऊन मौन धरले. मुखापाशी जेथे वाळूचा उंचवटा आहे, तेथे लाटा पांढऱ्या फुटताना स्पष्ट दिसत होत्या. आर्थर मॅलेट नामक इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी व मूल याच खाडीत बुडाल्याची कथा महाबळेश्वरी सांगतात, ती त्या क्षणी आम्हां सर्वांस आठवली. पण कोणी बोलले नाही. मुले आईस बिलगली.

चाचा मात्र शांत होते. त्यांनी नांगर हाताशी ठेविला, एका तरुणाच्या हाती वल्ही दिली आणि किनाऱ्याकडे बोट दाखविले. पाहतो तो किनाऱ्यावरील झाडे उलट दिशेने सरकत होती! भरतीचे पाणी होडीस हलकेच उचलून आत, वेसवीच्या बाजूस नेत होते. तेवढ्या अवधीत त्यांनी तेलाची गाळणी सोडविली. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ होडी हलताच ढवळला जातो व गाळणीत येऊन अडकतो. गाळणी धुतली, नळीतील हवा काढली, आणि यंत्र पुन्हा बोलू लागले. ओहोटी असती, तर हाच अवधी आम्हांस त्या पांढऱ्या लाटांत घेऊन गेला असता.

पुन्हा बाहेर जाण्याचा आग्रह कोणी धरिला नाही. दुपारनंतर वायव्येचा वारा उठण्यापूर्वीच आम्ही वेसवीच्या धक्क्यास लागलो.

जुन्या वस्तूवर विश्वास टाकू नये, असा याचा अर्थ नव्हे. तिची उणीव आधीच हिशेबात धरून, परत येण्याची वाट मोकळी ठेवूनच तिची परीक्षा घ्यावी, इतकेच. पंचांगातील एक तिथी व एका वृद्धाचा अनुभव यांनी त्या दिवशी आमचे सारे कुटुंब सुखरूप घरी आणिले.