डब्यातली बीअर, झाडावरची ताडी

एप्रिल आला, ऑफिसचा एसी नेहमीप्रमाणे दमला, की आमच्या टीममधलं कुणी ना कुणी हा प्रश्न टाकतंच. "यार, घरी बीअर बनवता येते का रे?" मग सगळे माझ्याकडे बघतात. मी दीड वर्ष लीड्सला ऑनसाइट होतो आणि तिथे फ्लॅटच्या किचनमध्ये बीअर बनवायचो, हे एव्हाना कॅन्टीनवाल्यालाही माहीत झालंय.

तर उत्तर असं: येते. फार सोपं आहे. आणि विरारला बनवायची नाही. आपला १९४९ चा दारूबंदी कायदा (जन्मनाव 'मुंबई', आता 'महाराष्ट्र') परवान्याशिवाय दारू बनवू देत नाही, आणि दारूमध्ये बीअरही आली. 'घरच्यापुरती वीस लिटर चालेल' अशी सूट त्यात नाही. इंग्लंडमध्येसुद्धा १९६३ पर्यंत घरी बीअर करायला लायसन्स लागायचं. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली तेव्हा कुठे घरगुती बीअरवाले राजरोस झाले. आपल्याकडे २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने दुकानातून बीअर आणून प्यायली तर चालते, स्वतः बनवली तर गुन्हा. असो. कायद्यावर भांडायला हा ब्लॉग नाही.

बनवायची कशी ते सांगतो. बीअरचं अवघड काम पहिल्या अर्ध्या भागात असतं. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची. हे झालं माल्ट. मग ते भरडून साधारण ६५ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे धान्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. तापमान फार वाढलं तर एन्झाइम्स मरतात, कमी पडलं तर काम रखडतं. माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे हे सगळं दुसऱ्या कुणीतरी करून, पाणी आटवून, मधासारखा पाक डब्यात भरलेला. आपण फक्त इम्पोर्ट करायचं :) पाण्यात पाक विरघळवा, हॉप्स घालून तासभर उकळा, गार करा, यीस्ट टाका, दोन आठवडे त्या बादलीकडे बघू नका.

या डब्याचा इतिहासही मजेशीर आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा ब्रुअरी बंद, पण माल्टचा पाक विकायला बंदी नव्हती. ब्रेड-बिस्किटांसाठी म्हणून डबेच्या डबे खपायचे. एवढे ब्रेड कोण भाजत होतं, देव जाणे.

लीड्सला पहिला डबा उघडला तेव्हा किचनभर वास सुटला तो बोर्नव्हिटाचा! साहजिकच आहे, त्यातही माल्टच असतं. तीन किलो पाक, वीस लिटर पाणी. हायड्रोमीटर बुडवला तर आकडा १.०४५. (साध्या पाण्यात हा १.००० दाखवतो, साखर जितकी जास्त तितका वर तरंगतो.) दोन आठवड्यांनी १.०१२. वजाबाकी करून १३१ ने गुणलं की अल्कोहोल निघतं, साधारण सव्वाचार टक्के. प्रोडक्शनमधला बग सुटल्यावर होतो तसला आनंद झाला.

त्या आनंदात घरी व्हिडिओ कॉल लावला. आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. बादली दाखव म्हणाले, दाखवली. मग म्हणाले, "साखर डब्यातली, खमीर पुडीतलं. मग तू रे काय केलंस?"

हा प्रश्न विचारायचा त्यांना हक्क आहे. आम्ही आगाशीकडचे भंडारी. आजोबा वयाच्या पंधराव्या वर्षापासून ताडावर चढत होते. पन्नास-साठ फूट, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पायाला दोराचा फास आणि कमरेला कोयता. ताडाचा फुलोरा आधी बांधायचा, रोज हलक्या हाताने चेपत-ठोकत तयार करायचा, मग टोकाची पातळ चकती कापून खाली मडकं अडकवायचं. ती चकती रोज कापावी लागते, नाहीतर जखम सुकते आणि थेंब थांबतो. एक दिवस सुट्टी घेतली की झाड रुसतं, असं ते म्हणतात.

आता गंमत बघा. ताडाच्या ताज्या रसात साखर असते साधारण १० ते १५ टक्के. बारा टक्के धरली तर हायड्रोमीटरवर आकडा येतो १.०४८. म्हणजे बार्ली भिजवून, मोड आणून, आटवून, डब्यात भरून, समुद्रापार पाठवून आणि पुन्हा पाणी घालून माणूस ज्या आकड्याला पोचतो, जवळपास त्याच आकड्यावर ताड आपला आपण उभा असतो. एन्झाइम्सची भानगड नाही, कारण मुळात स्टार्च नाही. खमिराची पुडी नको, कारण यीस्ट हवेतून, किड्यामुंग्यांकडून आणि मुख्य म्हणजे कालच्या मडक्यातून येतं. मडकी कोरी करकरीत का नसायची, ते मला मायक्रोबायॉलॉजी वाचल्यावर कळलं. आजोबांना आधीपासून माहीत होतं. आंबू द्यायचं नसेल तर मडक्याला आतून चुना लावायचा, की झाली नीरा. चुन्याने रस अल्कलाइन होतो आणि यीस्टचं चालेनासं होतं.

ताडीत यीस्टच्या जोडीला झायमोमोनास नावाचा बॅक्टेरियाही असतो. इंग्लंडमधले सफरचंदाची सायडर बनवणारे त्याला टरकून असतात, कारण तो शिरला की सायडर 'आजारी' पडते. तोच आपल्याकडे सकाळच्या मडक्यात बिनपगारी नोकरी करतो.

आणि उकाडा! बीअरच्या नेहमीच्या एल यीस्टला १८ ते २२ डिग्री लागतात. तेहतीस डिग्रीत ते काम करतं, पण चिडून करतं, बीअरला थिनरसारखा वास मारतो. म्हणजे वसईच्या मे महिन्यात बादलीसाठी वेगळा फ्रिज हवा. ताडीतल्या पब्लिकला हाच उकाडा मानवतो, सकाळचा रस दुपारपर्यंत तयार. मला वाटायचं की हे आपल्याकडचंच वेगळेपण, पण नॉर्वेत निघालं. तिथे शेतकऱ्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं 'क्वाइक' नावाचं यीस्ट आहे, चक्क ३५-४० डिग्रीत मस्त काम करतं. लाकडी कड्यांवर वाळवून पुढच्या खेपेसाठी ठेवायचे. ते जगासमोर आणण्यात मोठा वाटा कुणाचा, तर लार्स मारियस गार्शोल या माणसाचा, आणि तो पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर! गावोगाव फिरून म्हाताऱ्यांना विचारत बसला, ब्लॉग लिहिला, २०२० मध्ये पुस्तक काढलं. आज ते यीस्ट पाकिटात मिळतं.

आमच्या मडक्यांसाठी असा कुणी फिरला नाही. उलट झालं. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने झाडावर चढायलाच लायसन्स आलं, झाडागणिक कर आला. मग दारूबंदी आली. ती सैल झाल्यावर शहरातल्या ताडी केंद्रांत क्लोरल हायड्रेट घातलेलं पांढरं पाणी 'ताडी' म्हणून विकलं जाऊ लागलं. त्यात ताडाचा एक थेंब नसतो. माणसं मेली की पेपरात नाव मात्र ताडीचं येतं.

म्हणून बाबांनी हे सगळं सोडलं. दहावी झाल्या झाल्या गोरेगावला एका कंपनीत लागले आणि पुढची तीस वर्षं विरार लोकल. शाळेत त्यांना 'ताडीवाल्याचा' म्हणायचे, एवढं एकदाच सांगितलं, पुन्हा विषय नाही. मात्र मी लीड्सहून बादलीचे फोटो पाठवले तेव्हा त्यांनी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. "मुलाचा छंद." अंगठ्यांचा पाऊस. मला ते फार लागलं. बाबांचा राग नाही आला. पण एकाच कामाला डब्यातून आलं की छंद म्हणायचं आणि झाडावरून आलं की तोंड लपवायचं, हे कुणी ठरवलं?

परत येताना कपडे कमी केले आणि हायड्रोमीटर मोज्यांत गुंडाळून आणला. गेल्या फेब्रुवारीत आजोबांच्या ओळखीच्या एका परवानावाल्या काकांकडे सकाळी साडेसहाला गेलो. चुन्याच्या मडक्यातला रस: १.०५०. बिनचुन्याचा, रात्रभर जमलेला: १.०२४, म्हणजे अर्धं काम झाडावरच उरकलेलं. (फेसाने हायड्रोमीटर वर उचलला जातो, आधी ढवळून गॅस काढावा लागतो.) तोच साडेदहाला १.०१२. लीड्सला याला दोन आठवडे लागले होते.

आजोबांनी आकडा बघितला नाही. पेला कानाजवळ नेला, फेसाचा आवाज ऐकला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "बारापर्यंत पिऊन टाका. मग आंबट." साडेबाराला खरंच आंबट.

काका पंचावन्नचे आहेत. त्यांचा मुलगा बाइकवरून पार्सलं पोचवतो, झाडावर चढत नाही आणि मी त्याला काय तोंडाने सांगू? मलाही चढता येत नाही. आजोबांना विचारलं, फुलोरा कापायला तयार झाला हे कसं कळतं? म्हणाले, हाताला कळतं. मी फोनवर रेकॉर्ड करत होतो, चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. त्यातली वीस मिनिटं कुठलं झाड कसल्या स्वभावाचं याचीच आहेत.

आमच्या वाडीत आता नऊ ताड उरलेत. आजोबांच्या मते त्यातले चार काढण्याजोगे. कुठले चार ते त्यांनाच माहीत आणि गुडघ्यांमुळे ते वाडीच्या टोकापर्यंत जात नाहीत. या रविवारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना उचलून न्यायचं ठरलंय, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने बाबा. झाडांवर नंबर टाकायला ऑइल पेंटचा डबा बाबांनीच आणलाय.