टोकियोच्या शाळेत झाडू कोणाच्या हाती?

टोकियो शहराच्या पूर्व बाजूला एदोगावा नावाचा विभाग आहे आणि त्यात निशी-कासाई नावाचे रेल्वे स्टेशन आहे. शहराच्या पोटातून आलेली भुयारी रेल्वे येथे वर येऊन पुलावरून धावते. स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटे चालले की कुठल्या ना कुठल्या खिडकीतून जिऱ्या-मोहरीच्या फोडणीचा वास येतोच. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी भारतातून आलेली माणसे येथे राहू लागली आणि हळूहळू ही भारतीयांची वस्तीच झाली. कणीक, तुरीची डाळ, कढीपत्ता, पापड, सारे दुकानात मिळते. २०१९ साली या विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले.

भारतीयांनी हाच भाग का धरला, याची चौकशी आम्ही केली. एक कारण म्हणजे येथून कचेऱ्यांकडे सरळ गाडी जाते. दुसरे कारण घराचे. जपानमध्ये पुष्कळ खासगी घरमालक परदेशी माणसाला खोली देत नाहीत, जामीनदार मागतात. येथे मात्र सरकारी महामंडळाच्या इमारती आहेत. त्यांना जामीनदार लागत नाही आणि पागडीसारखी रक्कमही लागत नाही. खोली नाकारली जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

अशाच एका इमारतीत आमची धाकटी बहीण, जावई आणि त्यांची दोन मुले राहतात. भाचा सात वर्षांचा, दुसरीत. भाची चार वर्षांची. नागपुरात १४ एप्रिलची जयंती आटोपून आम्ही उभयता दिल्लीमार्गे तिकडे गेलो व तीन आठवडे राहिलो. तिकिटे जावयांनी काढली होती, कारकुनाच्या पगारात हे बसणारे नव्हते. आमची दोन्ही मुले नागपुरात आजीजवळ ठेवली होती. नागपूरकर बौद्धाला जपान अगदीच परका नाही. जपानहून येऊन नागपूरला आपले मानणारे भदन्त सुरई ससाई आम्ही लहानपणापासून पाहिले, आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या दानातून उभे राहिलेले पाहिले. पण विहारांतले जपान वेगळे आणि सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातले जपान वेगळे.

सकाळी सात वाजता बहिणीची जी तारांबळ असते ती नागपुरातल्या कोणत्याही बाईची असते तशीच. फरक इतकाच की हाक मारायला सासू नाही, नणंद नाही, शेजारची काकू नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलांनी पळायचे नाही, कारण खालच्या मजल्यावर आवाज जातो; म्हणून सगळ्या घरात जाड चटया अंथरलेल्या. जावई रात्री नऊला येतात. नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बाईच्या व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तासच नोकरी करता येते, तेवढी बहीण एका दुकानात करते. एम.एस्सी. झालेली मुलगी डबे भरते, याचे आमच्या आईला अजून वाईट वाटते. बहिणीला तितके वाटत नाही.

धाकटी दिवसभर पाळणाघरात असते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तेथे २०१९ च्या ऑक्टोबरपासून फी नाही. पण रोज एक वही भरावी लागते. सकाळी ताप किती, रात्री काय खाल्ले, झोप किती, शौचास झाली की नाही. संध्याकाळी तीच वही बाईंच्या हस्ताक्षरात परत येते: आज भाजी खाल्ली, दुपारी रडली, मग मैत्रिणीबरोबर मातीत खेळली. बहीण जपानी अक्षरे फोनवर उलगडत वाचते आणि चहा पिते. त्याआधीची वही म्हणजे माता-बालकाची. बाई गरोदर आहे असे विभागाच्या कचेरीत कळवले की ही वही हाती देतात. आईची तपासणी, बाळाचे वजन, लसी, दात, सर्व तिच्यात. १९४८ पासून ही पद्धत चालू आहे आणि परदेशी बाईलाही ती लागू आहे. आपल्याकडेही अंगणवाडीतून माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. ते बहुतेक घरांत रेशनकार्डाच्या पिशवीत सुखरूप झोपलेले असते.

भाचा सरकारी शाळेत जातो. परदेशी मुलांनी अर्ज केला तर तिथे त्यांना फीशिवाय घेतात. भारतीय लोकांच्या इंग्रजी शाळाही जवळपास आहेत, पण तिथली फी जावयांना परवडली नाही. सात वर्षांचे पोर आपल्या पायांनी शाळेत जाते, बरोबर आई नाही, रिक्षा नाही, व्हॅन नाही. दोन सवंगडी खाली उभे असतात, तिघे मिळून चालू लागतात. पहिलीच्या मुलांच्या दप्तरावर पिवळे आवरण असते, म्हणजे गाडीवाल्याला लांबूनच दिसावे. पहिल्या वर्षी आमची बहीण दोन आठवडे झाडाआडून मागे मागे जात होती, असे जावई हसत सांगतात. दप्तर मात्र ऐकून मंडळींनी कपाळाला हात लावला. पन्नास-साठ हजार येन, म्हणजे आपले तीस हजारांच्या आसपास! सहा वर्षे तेच वापरतात, हे समाधान.

आमची मोठी मुलगी दहा वर्षांची. रोज फोनवर तिचे चेहरे दिसत आणि प्रश्न सुरू होत. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिकडे रात्रीचे जेवण चालू असताना ही उन्हात खेळून आलेली. एके दिवशी भाचा तिला म्हणाला, "ताई, माझा या आठवड्यात जिन्याचा नंबर आहे." "कसला नंबर?" "झाडायचा आणि पुसायचा." ती म्हणाली, "का रे? तुमच्या शाळेत झाडूवाली बाई नाही?" भाच्याला तो प्रश्नच कळला नाही.

पालकांनी वर्गात येऊन बसण्याचा एक दिवस असतो. त्या दिवशी आम्हीही बहिणीबरोबर गेलो, थोडे लवकरच पोचलो. बाहेरचे जोडे कप्प्यात ठेवून घरून आणलेल्या सपाता घालायच्या. आत जेवण नुकतेच संपले होते आणि सफाई चालू होती. वर्गातली सारी बाके मागे सरकवलेली. चार-पाच पोरे ओळीने गुडघे टेकून, ओल्या फडक्यावर दोन्ही हात ठेवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत फरशी पुसत होती. बाई स्वतः खराटा घेऊन कोपऱ्यात. ही फडकी प्रत्येकाने घरून आणायची असतात. बहिणीने जुन्या टॉवेलची दोन शिवून दिली होती. आमच्या आईच्या भाषेत पोतेरे.

भिंतीवर पुठ्ठ्याची एक तबकडी होती. बाहेरच्या वर्तुळात कामे: वर्ग, जिना, खिडक्या, हात धुण्याची जागा. आतल्या वर्तुळात मुलांच्या गटांची नावे. दर आठवड्याला आतले चाक एक घर फिरवायचे, की काम बदलले. कचेरीत वीस वर्षे ड्यूटीचे तक्ते बनवणाऱ्या आम्हाला ती तबकडी फार आवडली. कोणाच्या ओळखीने काही पुढे-मागे होण्याची सोयच तिच्यात नाही.

जेवणाचेही असेच. पाळीची मुले पांढरा झगा, पांढरी टोपी आणि मास्क घालून स्वयंपाकघरातून पातेली आणतात आणि सर्वांना वाढतात. बाईही त्याच भांड्यातले जेवतात. जपानमध्ये शाळेतल्या जेवणाची सुरुवात १८८९ साली यामागाता प्रांतात त्सुरुओका येथे झाली. तिथल्या एका बौद्ध मंदिरात चालणाऱ्या शाळेत गरिबांची पोरे उपाशी येत, तेव्हा भिक्षूंनी त्यांना भाताचे गोळे, भाजलेला मासा आणि लोणचे देण्यास सुरुवात केली. आपल्याकडे शाळेत शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला आणि स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावे असे २००४ साली सांगितले. त्यानंतरही दलित बाईच्या हातचे खायला पोरांना घरून मनाई झाल्याच्या बातम्या अनेक राज्यांतून आल्या. त्या वाचकांनी वाचल्याच असतील.

शुक्रवारी भाचा दप्तराबरोबर एक कापडी पिशवी घेऊन आला. तिच्यात तो पांढरा झगा. तो शाळेचा असतो. आठवडाभर ज्याने घातला त्याच्या घरी तो धुवायचा, इस्त्री करायची आणि सोमवारी परत न्यायचा, मग पुढचा मुलगा तोच झगा घालतो. बहीण इस्त्री करत होती आणि आम्ही बघत होतो. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे टिपण १९९० साली छापून आले, ते आम्ही अभ्यासवर्गात अनेकदा वाचून दाखवले आहे. त्यात शाळेतला गोणपाटाचा तुकडा आहे. शाळा झाडणारा गडीसुद्धा त्या तुकड्याला शिवत नसे, म्हणून लहान भीमरावाला तो रोज संध्याकाळी घरी न्यावा आणि सकाळी परत आणावा लागे. आम्ही हे बहिणीला बोललो. ती म्हणाली, "दादा, पहिल्यांदा हा झगा घरी आला तेव्हा मी तो दोनदा धुतला होता. पुढच्या मुलाच्या आईने काही म्हणू नये म्हणून." मग पुढे म्हणाली, "त्या आईने कधी विचारलंच नाही की आधी कोणाकडे होता."

विचारणारे येथे आपलेच. वस्तीतल्या एका मराठी हळदीकुंकवात बहिणीला पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारले गेले, मग गाव, मग "मूळचे कोण?" मुलगा शाळेत काय खातो हा प्रश्नही साधा नसतो, हे तिला ठाऊक आहे. तिने "आम्ही बौद्ध" असे सांगितले आणि चहा पिऊन आली. पुढच्या वर्षी बोलावणे आले नाही.

पण जपान म्हणजे समतेचे नंदनवन, असा निरोप आम्ही आणलेला नाही. तिथेही मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे, खाटीककाम करणारे लोक अस्पृश्य ठरवले गेले होते. त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ साली सरकारने हुकूम काढून त्यांना कायद्याने समान केले, तरी मनातून काही गेले नाही. १९२२ साली त्यांनी क्योतोत सुइहेइशा ही आपली संघटना उभारली; आपल्याकडे महाडचा सत्याग्रह १९२७ चा. १९७५ साली उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, नोकरीला माणूस घेताना गाळण्यासाठी. या भेदभावाविरुद्ध कायदा २०१६ साली व्हावा लागला. बौद्ध देशात हे चालले, याचा आपल्या भाषणबाज मंडळींनी विचार करावा. आणि स्टेशन, रुग्णालय, मोठ्या कचेऱ्या झाडायला तिथेही पगारी माणसे आहेत, पुष्कळदा वयस्कर. पाळीची ती तबकडी शाळेच्या भिंतीवर असते, सगळ्या देशात नाही.

५ मे हा त्यांचा बालदिन. गॅलरी-गॅलरीतून कापडी मासे वाऱ्यावर पोहत होते. भाचीने आमच्यासाठी एक कागदाचा केला, तो घेऊन आम्ही परतलो.

नागपुरात परत आल्यावर आमच्या मुलीने जे ऐकले ते सगळ्या वस्तीला सांगून ठेवले होते. दर रविवारी विहारात आमचा मुलांचा वर्ग भरतो, पस्तीस-चाळीस मुले येतात. सतरंज्या घालणे, झाडणे, पाण्याचे पिंप भरणे ही कामे मोठ्या मुलींकडे जात, मुले वंदना झाली की मैदानात. आम्ही पुठ्ठ्याची तबकडी केली आणि विहाराच्या भिंतीला लावली. पहिल्याच रविवारी एक बाप भांडायला आला. रेल्वेत नोकरीला आहे, तापट पण सरळ माणूस. म्हणाला, "माझ्या बापाने महानगरपालिकेचा झाडू चाळीस वर्षे धरला. पोराच्या हाती झाडू द्यायला मी त्याला विहारात पाठवत नाही."

त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आमच्याच भागातल्या एका शाळेत काही वर्षांपूर्वी संडास धुवायला नेमकी आपलीच पोरे काढली जात होती. तेव्हा मोर्चा घेऊन जाणाऱ्यांत आम्ही पुढे होतो आणि हा माणूस आमच्या शेजारी होता. त्या शाळेत यादी नव्हती. मास्तर बोट दाखवत, आणि बोट आपल्याच बाकाकडे वळे. आम्ही त्याला तबकडीजवळ नेले व नावे वाचायला लावली. मुलांच्या गटांबरोबर तिच्यात मंडळाचे अध्यक्ष आहेत, खजिनदार आहेत, शिकवणारे दोन्ही शिक्षक आहेत आणि आमचेही नाव आहे. त्याने दोनदा वाचले. "माझं टाका," म्हणाला, "पोराचं नंतर बघू."

त्याचे नाव टाकले आहे. पोरगा अजून बापाच्या मागे उभा राहून बघतो, हातात फडके घेत नाही. आम्हीही त्याला काही म्हणत नाही. अध्यक्ष आतापर्यंत दोनदा लग्नाचे कारण सांगून चुकले, तर मुलांनी चाक न फिरवता तसेच ठेवले आहे. या रविवारी जिन्याचा नंबर पुन्हा त्यांचाच आहे, आणि आमचा पाण्याच्या पिंपाचा.