जूलचा शेवटचा चंद्र

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या गेममधला पोल हा जूल ग्रहाचा सगळ्यात बाहेरचा चंद्र. त्रिज्या अवघी 44 किलोमीटर, रंग फिकट पिवळा, अंग सगळं खडबडीत. मेक्सिकोतल्या स्क्वाड कंपनीने 2011 साली हा गेम लोकांपुढे आणला आणि पुढच्याच वर्षी त्यात जूल आला. आकारमानाने गुरूची आठवण करून देणारा, पण हिरवागार वायुग्रह. त्याचे आतले तीन चंद्र लेथ, व्हॉल आणि टायलो हे आयो, युरोपा, गॅनिमीडसारखेच एकमेकांशी ताल राखून फिरतात. बॉप आणि पोल त्या तालाबाहेरचे, तिरक्या आणि लांबट कक्षांमधले. शनीचा फीबी ठाऊक असलेल्या माणसाला ही जात लगेच ओळखू येते. 2004 च्या जूनमध्ये कॅसिनी यान फीबीजवळून गेलं आणि खड्ड्यांनी भरलेला तो काळपट गोळा जगाला जवळून दिसला. पोल आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्याच छायाचित्रांची आठवण झाली होती.

तो 2013 चा सुमार. हॉस्टेलच्या खोलीत एकाच्याच लॅपटॉपवर हा गेम जेमतेम चालायचा. यानाला भाग जास्त जोडले की कोपऱ्यातलं घड्याळ हिरव्याचं पिवळं व्हायचं, म्हणजे गेममधला सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा लांबायला लागायचा. अवजड रॉकेट वातावरणाबाहेर निघेपर्यंत आमचा चहा होऊन जाई.

त्या काळात यानाकडे डेल्टा-व्ही किती उरलंय, म्हणजे उरलेल्या इंधनावर यान आपला वेग एकूण किती बदलू शकेल, हे गेम स्वतःहून सांगत नसे. त्यासाठी मॉड होते, पण आम्ही कागदावर करायचो. भरलेल्या यानाचं वस्तुमान भागिले रिकाम्या यानाचं, त्याचा लॉगरिदम, गुणिले इंजिनाच्या झोताचा वेग. त्सिओल्कोव्हस्कीचं हे समीकरण कॉलेजच्या पुस्तकात मी वाचलं असेल, पण अंगी भिनलं ते या खोलीत. जूल आपल्या कर्बिन ग्रहाच्या साधारण 96 अंश पुढे असेल तेव्हा निघायचं, हे कळल्यावर कंपासपेटीतला कोनमापक स्क्रीनला लावून आम्ही मुहूर्त काढायचो.

त्याच नोव्हेंबरात मंगळयान निघालं. ते थेट मंगळाकडे का जात नाही, जवळजवळ महिनाभर पृथ्वीभोवतीच का घिरट्या घालतंय, असं मेसमध्ये पेपर वाचणारे विचारत होते. आम्हाला ते विचारावं लागलं नाही. इंजिन लहान असलं की कक्षेच्या खालच्या टोकाशी, जिथे वेग सर्वांत जास्त असतो तिथे, थोडं थोडं इंधन जाळत वरचं टोक लांबवत न्यायचं, हे आम्ही गेममध्ये कितीतरी वेळा करत होतो. 1 डिसेंबरला ते यान मंगळाच्या वाटेला लागलं, तेव्हा त्या बातमीतला शब्दन् शब्द आम्हाला कळत होता. त्या आनंदाचं मोल मला आजही मोठं वाटतं.

जूलपर्यंतचा प्रवास गेममधल्या दिवसांत हजाराच्या वर. काळ एक लाख पटीने पळवला की चारेक मिनिटांत संपायचा, आणि त्या चार मिनिटांत खोलीत कोणी बोलत नसे. पोहोचल्यावर थांबायला इंधन लागत नव्हतं. यान जूलच्या विरळ वरच्या वातावरणात घुसवायचं, घर्षणाने वेग कमी व्हायचा आणि यान ग्रहाभोवती अडकायचं. पोलचं गुरुत्व इतकं क्षीण की शंभर मीटरवरून सोडलेली वस्तू खाली यायला 23 सेकंद लागतात. उतरायला घाई करून चालतच नाही. आणि तिथून सुटायला सेकंदाला 181 मीटर वेग पुरतो, त्यामुळे कर्बल अंतराळवीर पाठीवरच्या जेटपॅकवर, यानाशिवाय, पोलच्या कक्षेत जाऊन येऊ शकतो. आमच्या दृष्टीने पोल म्हणजे प्रवासाचा शेवट होता. त्याच्या पलीकडे आमचं काहीच नव्हतं.

2015 च्या एप्रिलमध्ये 1.0 आवृत्ती आली आणि पोलचं नशीब पालटलं. वातावरणात शिरताना यान तापू लागलं, त्यामुळे जूलमध्ये घुसून फुकट थांबण्याचे दिवस गेले. आता बहुतेक जण टायलोजवळून यान नेऊन त्याच्या गुरुत्वाने वेग कमी करतात. ही युक्ती मला जास्त देखणी वाटते. त्याच आवृत्तीत खाणकाम आलं. जमीन खणायची, धातुक काढायचं, त्याचं इंधन करायचं. आणि यासाठी पोलइतकी सोयीची जागा जूलपाशी शोधून सापडणार नाही, कारण भरलेल्या टाक्या तिथून उचलायला जवळजवळ काही लागत नाही. प्रवासाचा शेवट असलेला हा चंद्र बघता बघता हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप झाला. 2018 च्या शेवटी 1.6 मध्ये डेल्टा-व्हीचा आकडाही स्क्रीनवर आला. गेमचा दुसरा भाग 2023 मध्ये आला, पण पुढच्याच वर्षी त्याचं काम थांबलं. लोक पुन्हा पहिल्याकडेच आले, आणि ते बरंच झालं.

हा बदल मला खुपत नाही. आकडा समोर दिसतो म्हणून नवी मुलं जास्त धाडस करतात, हे मी घरातच पाहतो. माझी भाची पोलवर टाक्या भरून टायलोवर उतरते. कर्बिनएवढा मोठा पण वातावरणच नसलेला टायलो, जिथे पॅराशूटचा उपयोग शून्य, तिथे उतरायची छाती आमच्या खोलीत एकाचीही नव्हती. फक्त तो आकडा येतो कुठून हे तिला ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या यानाची वस्तुमानं घेऊन मी तिला तो कागदावर काढून दाखवला. स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळला, तशी ती म्हणाली, “मामा, आता दोन टप्प्यांचं रॉकेट असेल तर?” मग टप्पे वेगळे करून तिनेच पुढचं गणित मांडायला घेतलं.